डावा गाल, दोन गोळ्या आणि दुबईचं गेट

“ये दाँत का दर्द है ही नहीं,” असं रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या दोन दाढा काढून झाल्या होत्या.

सुमन, माझी बायको, शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि विचारलं, “मंग त्या दाढा कावून काढल्या?” डॉक्टर हसले नाहीत. असं बऱ्याच पेशंटचं होतं म्हणाले. दुखतं दाढेतच, पण दुखणं दाढेचं नसतं.

त्यांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याला काय लागलं, काय टोचलं, ते मेंदूला कळवणारी एक मोठी नस असते. ती मेंदूतून निघते तिथेच कधी एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकते, ठोके देत राहते आणि नसेवरचं आवरण झिजून जातं. मग साधा स्पर्शसुद्धा नस दुखणं म्हणून कळवते. मी आयुष्यभर स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. केबलचं इन्सुलेशन गेलं की काय होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी फक्त मान हलवली, तीही जपून.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना ते सांगायला नको. ज्यांच्या घरात कुणाला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या डाव्या गालावर नाकाशेजारी रुपयाएवढी जागा आहे. तिला काही लागलं की करंट बसतो. काही म्हणजे काहीही. दाढीचा ब्रश, टॉवेल, पंख्याचा वारा, गार पाण्याचा घोट. करंट बसतो तेव्हा माणूस ओरडत नाही, कारण ओरडायला तोंड उघडावं लागतं. तो जागच्या जागी थांबतो. सुमन म्हणायची, “तुमी असे थांबले का मले वाटते, घरची लाइटच गेली.”

एमआरआय झाला. नळीत पडून राहायचं, आत हातोड्यांसारखा ठकठक आवाज होतो. लोक घाबरतात म्हणे. मला तिथे बरं वाटलं, कारण तिथे माझ्या गालाला काहीच लागत नव्हतं. नस आणि रक्तवाहिनी चिकटलेली फोटोत दिसली. यावर ऑपरेशन असतं, पण माझ्या हृदयात आधीच एक स्टेंट बसवलेला असल्यामुळे एवढा वेळ भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. गोळ्यांवरच निभवायचं ठरलं.

पहिली गोळी कार्बामाझेपीन. या दुखण्यावर तीच आधी देतात. तिने दुखणं गेलं, पण अंगावर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बंद केली आणि पुन्हा कधी घ्यायची नाही असं माझ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग दोन गोळ्या आल्या. एक प्रिगॅबालिन, ती खवळलेल्या नसेला शांत करते. दुसरी ट्रामाडॉल, वेदनेची गोळी, लांबच्या नात्याने अफूच्या घराण्यातली. या दोघींनी माझं भलं केलं हे मी आधीच कबूल करतो. मी पुन्हा जेवू लागलो, बोलू लागलो, दाढी करू लागलो.

फक्त एक झालं. गालाबरोबर बाकीचंही शांत झालं. क्रिकेटची मॅच हरली तरी काही नाही, जिंकली तरी काही नाही. कुणाच्या लग्नाला गेलो तर जेवून परत आलो. सुमनला हे माझ्याआधी कळलं असावं. तिने जुन्या साडीच्या काठाची एक थैली शिवली, तिला तीन खण केले आणि प्रत्येक खणावर वेगळ्या रंगाचा टाका घातला. पिवळा सकाळचा, लाल दुपारचा, निळा रात्रीचा. गोळ्यांची पाकिटं कात्रीने कापून ती त्या त्या खणात ठेवायची. मी थैलीत हात घालायचो आणि गिळायचो. गोळीचं नाव काय आहे हे मला दोन वर्षांत धड माहीत नव्हतं.

मग सुमन गेली. सकाळी चहा गाळता गाळता ओट्यालाच टेकली. मी पोचलो तेव्हा गाळणी तिच्या हातात होती.

मी रडलो नाही. लोकांना फोन केले, डॉक्टरांचा दाखला घेतला, मुलगी पल्लवी दुबईहून येईपर्यंत बर्फाची सोय केली. शिवनाथ नदीच्या काठावर सगळं रीतसर केलं. लोक म्हणाले, हटवारजी खंबीर आहेत. मी खंबीर नव्हतो. मला काही होतच नव्हतं. तेरवीला मी पंगतीत बसून दोनदा कढी मागितली. पल्लवी समोर उभी राहून माझ्याकडे पाहत होती. दुबईला परत गेल्यावर एकदा फोनवर म्हणाली, “बाबा, तुमी आईसाठी एकदाबी रडले नाई.”

मी म्हणालो, “गोळ्या चालू हायेत न, बेटा.”

हे खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी याचाच विचार करत राहिलो. गोळीमुळे रडू येत नाही, की मीच तसा आहे? गोळी बंद केल्याशिवाय हे कळणार नव्हतं, आणि गोळी बंद करायची हिंमत नव्हती.

पल्लवीला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मधे एकदा राहिलेलं टिकलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. तिच्या सासूबाई आधीच वारलेल्या. आई नाही. उरला बाप. एक दिवस ती हिंदी-मराठी मिसळून म्हणाली, “बाबा, तुमी या. कुछ नहीं करना है, फक्त घरात बसून राहा. घरात आपलं कोनी पायजे.”

मी हो म्हटलं. बाळंतपणाला बाप चालला म्हणून आमच्या गल्लीत थोडी गंमत झाली. रिटायर झाल्यावर प्लांटचं क्वार्टर सोडून मी आणि माझे स्टोअरमधले साथी लांजेवार, आम्ही दोघांनी भिलाई-तीन या वस्तीत शेजारी शेजारी घरं बांधली. लांजेवार म्हणाले, तुले खिचडीशिवाय काई येते का? मी म्हटलं, चहाही येतो. लांजेवार वहिनींनी मात्र तिथेच जाहीर केलं की डिंकाचे, मेथीचे लाडू त्या करून देतील. सुमन असती तर तिने केले असते, हे कुणी बोललं नाही.

आता या लेखाचं मुख्य कारण.

पल्लवीने फोनवर सहज विचारलं, बाबा, गोळ्या किती दिवसांच्या आणताय, नावं सांगा, इथे मिळतात का पाहते. मी थैली उघडली. कापलेल्या पाकिटांवर नावं अर्धीमुर्धी होती. जुना कागद शोधून मी दोन्ही नावं वाचून दाखवली. तिने ती तिथेच मोबाईलवर पाहिली. मग म्हणाली, “बाबा, मैं बोल रही हूँ, ह्या गोळ्या अशा आनू नका. पकडतात.”

मला वाटलं, मुलगी उगीच घाबरते. औषध माझं, आजार माझा, डॉक्टर सरकारमान्य. पण तसं नसतं. आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी काही औषधं दुसऱ्या देशात नियंत्रित असतात, म्हणजे त्यांच्या परवानगीशिवाय ती नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा होतो. माझ्या दोन्ही गोळ्या तिकडे त्या यादीत होत्या. जाण्याआधी त्यांच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करायचा, डॉक्टरांचा रिपोर्ट जोडायचा, मंजुरी घ्यायची आणि मगच यायचं, अशी रीत होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट हे मला ओळखीचं वाटलं. माझी सगळी नोकरी गेटपास बनवण्यात गेली. प्लांटमधून सुई जरी बाहेर जायची असली तरी तिचा पास लागतो. माल काय, किती, कुणाचा, परत येणार की नाही, खाली अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. डोळ्यांनी पाहून मोजल्याशिवाय मी कधी पास लिहिला नाही. एकदा एक कामगार जेवणाच्या डब्यात भाताखाली पितळेचे तुकडे घालून निघाला होता. गेटवरच्या जवानाने डब्यात चमचा घातला आणि चमचा वाजला. त्या माणसाची नोकरी गेली. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे कुणी डबा उघडायला कुरकुर केली की जवान म्हणायचे, चमचा वाजवू का?

म्हणून मी कागदांना लागलो. आणि पहिली चूक तिथेच केली. आम्हा प्लांटच्या लोकांचा शिक्क्यावर फार विश्वास. मी आमच्या हॉस्पिटलमधून दाखला लिहून घेतला, त्यावर गोल शिक्का, मग आणखी एका साहेबांची सही, तिच्यावर चौकोनी शिक्का. कागद इतका भरला की मजकूर शोधावा लागत होता. जावई नितीनने तो पाहून हळूच सांगितलं की बाबा, तिकडे या शिक्क्यांना कुणी ओळखत नाही. त्यांना त्यांचाच कागद लागतो. आपल्या गेटचा पास दुसऱ्याच्या गेटवर चालत नाही, हे मला साठी उलटल्यावर जावयाकडून शिकावं लागलं.

मी रायपूरला गेलो. वेटिंग रूममध्ये माझ्यासारखाच एक माणूस गालावर हात न टेकवता, गालापासून दोन बोटं दूर धरून बसला होता. आम्ही एकमेकांना ओळखलं. बोललो नाही, बोलायला दोघांनाही त्रास होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “ट्रामाडॉल मुझे वैसे भी कम करना था.” ती गोळी फार काळ चालू ठेवायची नसते, शरीराला तिची सवय लागते. जायला अजून वेळ होता. तेवढ्या वेळात ती हळूहळू उतरवायची आणि प्रिगॅबालिनसाठीच अर्ज करायचा, असं ठरलं. पण त्यांनी बोट वर करून बजावलं, एकदम बंद करायची नाही, आणि मनाने तर मुळीच नाही. तुम्हालाही हेच सांगतो. प्रवास जवळ आला म्हणून कुणी घाबरून गोळी एका दिवसात सोडू नका. डॉक्टरला विचारा. सामान भरणं मागे राहू द्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट टाईप करून दिला. त्यात दुकानातलं नाव नाही, औषधाचं मूळ नाव. रोजचा डोस. किती दिवस लागेल ते. प्लांटच्या हॉस्पिटलात गोळ्या फुकट मिळतात, त्यामुळे माझ्याकडे बिल कधी नव्हतंच. मग मी फुकटची गोळी घरी ठेवून तीच गोळी मेडिकलमधून विकत घेतली, न कापलेल्या पाकिटासकट, खोक्यासकट, बिलासकट. नितीनने अर्ज भरला. मंजुरीचा कागद मोबाईलवर आला, तो छापून मी प्लास्टिकच्या पाकिटात घातला. त्यावर शिक्का एकच होता.

इकडे ट्रामाडॉल उतरत होती.

डोस पहिल्यांदा कमी झाला तेव्हा घाम आला, पाय वळवळले, झोप गेली. दुसऱ्यांदा कमी झाला तेव्हा करंट परत आला. आधीसारखा नाही, पण आला. मी वरणभात मिक्सरमधून काढून कोमट करून उजव्या बाजूने गिळायचो. डाव्या गालावर वस्तरा चालवता येत नव्हता, म्हणून दाढी वाढली, तीही फक्त त्या बाजूला. आरशात अर्धा मी आणि अर्धा कुणी बुवा दिसायचा.

एका दुपारी लांजेवार वहिनी पातळ कढी घेऊन आल्या. मी एक घोट घेतला आणि थांबलो. टेबलाची कड धरून तसाच किती वेळ उभा होतो कोण जाणे. सुटका झाली तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

“लेकीकडं जाऊन राहिले भाऊजी, का सजा भोगाले?” त्या म्हणाल्या.

शेवटचा डोस संपला होता आणि थैलीत थोड्या ट्रामाडॉल उरल्या होत्या. हात तिकडे जायचा. ती थैली, सुमनने शिवलेली, मी वहिनींच्या हातात दिली. म्हटलं, “हे तुमच्यापाशी ठेवा. मी मांगितलं तरी देऊ नका.” त्यांनी थैली घेतली आणि बरं म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी लाडवांचा डबा आणून दिला. आमच्याकडे लांब जाणारा डबा पांढऱ्या कापडात शिवून देतात, तसा चारी बाजूंनी पक्का शिवलेला. वर निळ्या पेनाने पल्लवीचं नाव. मी त्यावरून हात फिरवला आणि बॅगेत ठेवला. सुईचाही पास मागणाऱ्या माणसाने त्या डब्याला काही विचारलं नाही. बाळंतिणीचे लाडू, शेजारच्या वहिनींनी केलेले. त्यांना काय म्हणणार, उसवा, मला मोजायचंय?

दुर्गहून मुंबईच्या गाडीत बसलो. उन्हाळा होता, आणि मी नाकापर्यंत मफलर गुंडाळून बसलो होतो, एसीच्या वाऱ्याला भिऊन. समोरची बाई आपल्या मुलांना माझ्यापासून लांब बसवत होती. मला त्याचंही काही वाटलं नाही. ट्रामाडॉल गेली तरी आत सगळं तसंच मुकं होतं. मी मनाशी म्हणालो, म्हणजे गोळीचा दोष नव्हता. आपणच असे आहोत. हे मनात आलं आणि तेही टोचलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काका, बॅग तुम्हीच भरली? कुणी काही दिलंय का न्यायला? मी म्हणालो, मीच भरली. बॅग पट्ट्यावरून आत गेली. मी खुर्चीवर जाऊन बसलो आणि विमानतळावर नीट पोचलो हे सांगायला वहिनींना फोन लावला.

वहिनी आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, रागवू नका. लाडवाच्या खाली पेपर हाये, पेपरच्या खाली तुमची थैली ठेवली. दुखाच्या गोळ्या हायेत तिच्यात. तिकडं दुखलं त कोन हाये तुमचं? मले पाहवत नोतं.”

मला चमचा वाजल्याचा आवाज आला. खोटं सांगत नाही, कानात स्पष्ट आला.

त्यांना मी एवढंच म्हणालो, “बरं केलं सांगितलं, वहिनी.” आणि फोन ठेवला.

भीती वाटली का, असं नंतर पल्लवीने विचारलं. नाही वाटली. मी बसल्या बसल्या एकेक गोष्ट पाहत होतो, दुसऱ्या कुणाची असावी तशी. डबा दुबईला उतरेल. मशीनमध्ये दिसेल. परवानगीच्या कागदावर एकच औषध आहे. मला बाजूला घेतील. पल्लवी, पोट घेऊन, बाहेर उभी असेल. कुणीतरी तिला सांगायला जाईल. आईच्या वेळी बाप रडला नाही, आणि बाळंतपणाच्या वेळी तुरुंगात गेला. उगीच गप्प बसून गेलो तर कदाचित निभावेलही, असाही एक विचार आला. लाडवांकडे कोण पाहतं? त्या कामगारालाही भाताबद्दल असंच वाटलं असेल.

मी उठलो आणि काउंटरवर गेलो. मफलर खाली केला, कारण त्यातून बोललेलं कळत नाही. वारा लागला. करंट बसला. थांबलो. मुलगी घाबरून उभी राहिली. सुटल्यावर मी म्हणालो, “ताई, मघाशी चुकीचं सांगितलं. माझ्या बॅगेत मी न ठेवलेलं औषध आहे. तिकडे चालत नाही. बॅग परत काढा.”

ती चिडली असती तरी चाललं असतं. ती चिडली नाही. तिने वरच्या साहेबांना बोलावलं, त्यांनी सुरक्षेच्या माणसाला. माझे कागद पाहिले. बॅग परत यायला वेळ लागला. माझ्या विमानाचं नाव पुकारलं जात होतं. कुणीतरी ब्लेड आणून दिलं आणि सगळ्यांसमोर मी वहिनींचे टाके उसवले.

वर लाडू. मी ते एकेक काढून पेपरवर ठेवले. घाईत काही फुटले. खाली पेपर. पेपर उचलला तर खाली थैली, पिवळा, लाल आणि निळा टाका. गोळ्या निळ्या खणात होत्या. वहिनींनी विचार केला होता की रात्री जास्त दुखतं.

मी गोळ्या काढून साहेबांना दिल्या. ते हळू आवाजात म्हणाले, “काका, हे तिकडे सापडलं असतं तर मुलीला भेटायच्या आधी तुम्हाला वकील भेटला असता.” त्यांनी काय लिहायचं ते लिहून घेतलं, माझी सही घेतली. मग रिकामी थैली माझ्या हातात परत दिली.

थैलीला तुपाचा वास येत होता. मेथीचा आणि तुपाचा. आमच्या घरात पल्लवीच्या जन्माच्या वेळी होता, तसाच. सुमनने तो निळा टाका घालताना दाताने दोरा तोडला होता, हे मला आठवलं. तिच्या पुढच्या दातात फट होती, तिथे दोरा अडकायचा.

आणि मग डोळ्यांतून पाणी आलं.

कसं आलं, मला माहीत नाही. विचारून आलं नाही. ते गालावरून खाली उतरलं, त्या रुपयाएवढ्या जागेवर आलं, आणि करंट बसला. पुन्हा थेंब, पुन्हा करंट. काउंटरला धरून मी उभा होतो, रडत होतो आणि रडण्याने दुखत होतं. त्या मुलीला वाटलं, काका दुखण्याने रडतायत. साहेबांना वाटलं असेल, भीतीने. मी सुमनसाठी रडत होतो. ती गेल्यावर कितीतरी महिन्यांनी, अनोळखी लोकांसमोर, मेथीच्या लाडवांच्या चुऱ्यापुढे. मला इतकं दुखलं आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही वेगळं करता आलं नाही.

मुलीने लाडू स्वतःच्या हाताने डब्यात भरले. त्या गडबडीत आणखी फुटले. मी शेवटचा विमानात चढलो.

दुबईला उतरल्यावर कुणी थांबवायची वाट न पाहता मी स्वतःच जिथे सामान जाहीर करतात तिथे गेलो. प्रिगॅबालिनचं खोकं, बिल, रिपोर्ट, मंजुरीचा कागद, सगळं समोर मांडलं. अधिकाऱ्याने कागद पाहिला, पाकिटावरचं नाव पाहिलं, पासपोर्ट पाहिला, गोळ्या मोजल्या. मला तो माणूस फार आवडला. पाहून मोजल्याशिवाय त्याने सोडलं नाही. मग त्याने हाताने जायची खूण केली.

पल्लवीने मला पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हे काय? अर्धी दाढी?” मी तिला थैली दाखवली. आईने शिवलेली, म्हटलं. मग आम्ही दोघं तिथेच सामानाच्या गाडीला धरून रडलो. नितीन बिचारा कधी तिला पाणी द्यायचा, कधी मला. लाडवांचा चुरा पल्लवीने पुढे चमच्याने खाल्ला.

असं दुखणं किंवा अशी औषधं असणाऱ्यांना एवढंच सांगेन. पाकीट कापू नका. खोकं आणि बिल टाकू नका. औषधाचं मूळ नाव पाठ असू द्या. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो आणि बदलतोही, म्हणून माझ्या अनुभवावर जाऊ नका, त्या त्या देशाच्या आरोग्य खात्याला किंवा वकिलातीला आधी विचारा. आणि प्रेमाने दिलेला डबा आधी उघडा. लाज वाटली तरी उघडा. वहिनींवर माझा राग नाही. त्यांना फोन करून मी सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी तुमाले फासावर चढवत होती, भाऊजी.” मी म्हटलं, नाही वहिनी. तुम्ही थैली पाठवली नसती तर मी अजून कोरडाच असतो.

दुखणं गेलेलं नाही. एका गोळीवर आहे. काही दिवस चांगले जातात, काही दिवस मी मिक्सरमधलं खातो. रायपूरच्या डॉक्टरांना मी सांगितलं, दुसरी गोळी आता नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, चालतंय.

पल्लवीला मुलगी झाली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर पल्लवीने तिला माझ्या मांडीवर दिलं आणि लगेच म्हणाली, बाबा, उजव्या बाजूला धरा, ती हात मारते. मी उजवीकडे धरलं. पण पोरगी कुठे ऐकते. तिने दुपट्यातून हात बाहेर काढला, मूठ उघडली आणि ती सरळ माझ्या डाव्या गालावर, त्याच जागेवर टेकवली.

करंट बसला. मी जागच्या जागी थांबलो. पल्लवी धावत आली, तिचा हात काढायला.

मी डोळ्यांनीच नको म्हटलं.